तिठ्यावरून उजवीकडे

तळेऱ्याला समुद्र नाही. मुंबईहून गोव्याकडे निघालेला प्रवासी राजापूर मागे टाकतो, खारेपाटणपाशी सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरतो आणि थोड्याच वेळात तळेऱ्याच्या बाजारात येतो, तेव्हा खाऱ्या वाऱ्याची झुळूकही त्याला लागत नाही. कणकवली तालुक्यातले हे महामार्गावरचे गाव. एसटीची ये-जा, चहा-वड्याची हॉटेले, आठवड्याची खरेदी करायला आजूबाजूच्या वाड्यांतून आलेली माणसे, एवढीच त्याची ओळख बहुतेकांच्या मनात असते. पण तळेरे हा तिठा आहे, आणि कोकणात तिठ्याला महत्त्व असते. डावीकडचा रस्ता वैभववाडीवरून करूळच्या घाटाने गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला चढतो. उजवीकडचा विजयदुर्गाला उतरतो. पुढे नांदगावच्या तिठ्यावर देवगडची वाट फुटते, कसालला मालवणची, कुडाळला वेंगुर्ल्याची. सुटीला निघालेल्या मोटारी या साऱ्या तिठ्यांपैकी कसालला तेवढ्या गर्दीने वळतात. तळेऱ्याला त्या चहा पिऊन सरळ जातात.

उजवीकडे वळणाऱ्याला पन्नासेक किलोमीटर जायचे असते. काजू-आंब्याच्या बागा, मध्येच उघडा कातळाचा सडा, जांभ्या दगडाचे गडगे, उतारावर चार घरे, एक देऊळ, एक शाळा, पुन्हा सडा. ‘पडेल कॅन्टीन’ नावाचा एक थांबा लागतो; नाव कसलेही असो, त्या भागातल्या एसटीच्या प्रवाशांना तो स्टेशनासारखा पाठ आहे. पुढे गिर्ये, रामेश्वर आणि मग वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. डाव्या हाताला पडवणे, फणसे अशा गावांच्या पुळणी आहेत. त्याहून दक्षिणेला देवगड ओलांडून कुणकेश्वर, मिठबाव, तांबळडेग. सुटीचे दोन आठवडे सोडले तर यातल्या काही पुळणींवर सकाळी चालत गेले की दिसतात ती आपलीच पावले, कुर्ल्यांच्या नक्ष्या आणि एखाद्या होडीच्या ओंडक्याची खूण.

या रस्त्याला आता वर्दळ वाढेल, असे मानायला कारण आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतले दोन, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, एकट्या या जिल्ह्यात आहेत. बातमी आली तेव्हा आपण सगळेच सुखावलो, आणि ते योग्यच होते. पण वारशाचा दर्जा म्हणजे नकाशावरचा ठळक ठिपका, आणि ठळक ठिपक्याकडे गाड्या वळतात. ‘जरा शांत समुद्रकिनारा सुचवा’ असे विचारणाऱ्या मुंबई-पुण्याच्या आणि कोल्हापूर-बेळगावच्या कुटुंबांना यापुढे कोणीतरी हमखास सांगणार : तळेऱ्याहून उजवीकडे वळा. म्हणूनच वळण्याआधी जरा बोललेले बरे.

पहिली गोष्ट ही की, ही शांतता निसर्गाने फुकट वाटलेली नाही. थोडी निसर्गाची आहे, हे खरे. दर दहा-पंधरा किलोमीटरला एक खाडी आत घुसलेली, त्यामुळे पूल होईपर्यंत शेजारचे गावसुद्धा तरीतून ओलांडून गाठावे लागे. पण तिचा मोठा वाटा माणसांनी किंमत देऊन भरलेला आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, तेव्हा येथले घर बहुधा मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत होते. घरातला कर्ता मुलगा परळ-लालबागच्या गिरणीत, सून आणि म्हातारी गावी. १९८२ च्या संपाने गिरण्या गेल्या, तरी माणसे परतली नाहीत. ती विरार-डोंबिवलीला सरकली. आपण ज्या वाडीत ‘अहाहा, किती निवांत!’ म्हणतो, तिथल्या निम्म्या घरांना कुलपे असतात. गणपतीत ती उघडतात, शिमग्याला उघडतात, आंब्याच्या दिवसांत थोडी. एरवी एक आजी, एक कुत्रा आणि मागीलदारी फणस. ही शांतता त्या आजीला विचारून पाहावी. ती तिला शांतता म्हणत नाही.

आणि काही वाटा नकाराचा आहे. गिर्ये परिसरात औष्णिक वीजप्रकल्पाचा मोठा घाट घातला गेला होता, तो हापूसच्या बागायतदारांनी विरोध करून थांबवला. पुढे नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी जी गावे अधिसूचित झाली, त्यांत रत्नागिरीतल्या गावांच्या जोडीला गिर्ये आणि रामेश्वर ही सिंधुदुर्गातली दोन गावे होती. २०१९ मध्ये ती अधिसूचना रद्द झाली. त्या विरोधाबद्दल मतभेद असू शकतात. पोराला नोकरी हवी असलेल्या बापाला नुसता स्वच्छ वारा पुरत नाही, हेही तितकेच खरे. पण विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून ज्या मोकळ्या किनाऱ्याचे छायाचित्र आपण काढतो, तो मोकळा राहावा म्हणून कोणी मोर्चे काढले, कोणी कोर्टकचेऱ्या केल्या, याची जाणीव असलेली बरी.

मग पर्यटन नको का? हवे, आणि चांगले हवे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. या काळात तारकर्ली-देवबागचे रूप पालटले. घरातल्या दोन खोल्या रंगवून, मागे न्हाणीघर बांधून लोकांनी ‘निवास व न्याहारी’ची पाटी लावली. होडी असणाऱ्याला हंगामात जास्तीची मिळकत होऊ लागली, घरच्या बाईच्या हाताला चव आहे याला पहिल्यांदा रोख किंमत आली, काही मुले मुंबईहून परत आली. हे लहान यश नाही. ज्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर पाठवली, तिथे एखादा मुलगा ‘मी हयच रवतंय’ म्हणतो, याचे मोल तिथल्या आईला विचारावे.

पण त्याच तारकर्लीत मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी जाऊन पाहा. वाळूत रुतलेली मोटार ढकलणारी दहा माणसे, किनाऱ्यावर घिरट्या घालणाऱ्या जलक्रीडेच्या बोटी, आणि मागच्या गल्लीत पाण्याचा टँकर.

पाण्याचे प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पाहुण्यांच्या ते कधी ध्यानीच येत नाही. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पडलेले पाणी थांबतच नाही. किनारपट्टीच्या वाळूतल्या विहिरीचे आणखी वेगळे. तिच्यातले गोडे पाणी हे पावसाचे साठलेले पाणी, आणि ते खालच्या खाऱ्या पाण्यावर जणू तरंगत असते. रहाटाने कळशी-कळशी काढले तर वर्षभर पुरते. मोटार लावून छपरावरच्या टाक्या भरू लागले की गोड्याचा थर पातळ होतो आणि खालून खारे वर येते. एकदा विहीर मचूळ झाली की पुढचा पावसाळा येईपर्यंत, कधी त्याहूनही जास्त काळ, ती मचूळच. त्यात शौचालयाचे शोषखड्डे त्याच वाळूत, विहिरीपासून काही पावलांवर. आपल्या शाळांच्या सुट्या नेमक्या या पाणीटंचाईच्या महिन्यात येतात. चौघांचे कुटुंब समुद्रातून आल्यावर दोनदा आंघोळ करते, ओले कपडे नळाखाली धरते. घरधनीण काही बोलत नाही, पाहुण्यांना कसे बोलायचे? फार झाले तर पोरीला प्रेमाने म्हणते, ‘चेडवा, नळ बंद कर गो.’ ते ऐकू आले की समजावे, सांगायचे ते सांगून झाले आहे.

समुद्राचे बोलायलाच हवे. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे दगावले. दोन्ही वेळा उन्हाळा, दोन्ही वेळा सुटीचे दिवस. पश्चिम किनाऱ्याचा समुद्र दिवाळीनंतर निवळतो, आणि मेच्या अखेरीला मोसमी पावसाच्या आधीच खवळू लागतो. वरून तळ्यासारखे दिसणारे पाणीसुद्धा फुटलेल्या लाटांचे ओझे परत नेताना एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात ओढून नेते. तिथे लाट फुटत नाही म्हणून ती जागा नवख्याला सर्वांत सुरक्षित वाटते, आणि तीच सर्वांत धोक्याची. त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे. गावातला माणूस एवढे समजावून सांगत नाही. तो म्हणतो, ‘थंय जाव नका, पाण्याक ओढ आसा.’ हे वाक्य आज्ञा म्हणून ऐकावे. ‘आम्हाला पोहता येते हो’ हे त्यावरचे उत्तर नव्हे. तलावात पोहता येणे निराळे.

पुळण ही आपल्याला बाग वाटते. गावाला ती अंगण आहे, खळे आहे, कारखाना आहे. रापणीचे जाळे होडीने समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांनी वीस-तीस-चाळीस माणसे ते किनाऱ्यावर ओढतात. मासळीचे वाटे पडतात, आणि दोरीला हात लावणाऱ्यालाही कालवणापुरते मिळते. ही शहाणी जुनी रीत यांत्रिक मासेमारीच्या रेट्यापुढे आधीच हटत चालली आहे. रापण लागत असताना मुलांना हात लावू द्या, दोरी ओढू द्या. कोणी नाही म्हणत नाही. पण वाळत घातलेल्या जाळ्यावरून चालू नये, होडीवर चढून छायाचित्रे काढू नयेत. होडीची पूजा होते. आपल्या देवघरावर चढलेला पाहुणा कोणाला आवडेल?

याच वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे रात्री येऊन अंडी घालतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गावकऱ्यांनी आणि सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने कासवांच्या संरक्षणाचे जे काम उभे केले, त्याची वाट पुढे सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यांनीही धरली. वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी त्यांतले ठळक नाव. अंडी उबायला साधारण पन्नास दिवस लागतात. पिल्ले बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात, कारण लाखो वर्षे रात्रीच्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ गोष्ट समुद्रच होती. आता ती एखाद्या विश्रामगृहाची दिव्यांची माळ असते. वाळूवरून जीप नेणाऱ्याला तर खाली काय होते, हे कळतही नाही. तांबळडेगला समुद्रगरुड घरटे करतो. त्याची उंच झाडे कोणाच्या तरी खासगी जमिनीत असतात, आणि ती उभी आहेत तोवरच तो आहे.

जेवणाबद्दल एकच तक्रार नोंदवतो, तीही आपल्याच लोकांविरुद्ध. सुरमई आणि पापलेट सोडून समुद्रात आणखी काही आहे, हे मानायला आपण तयार नसतो. मग जाळ्यात आलेला बांगडा, तारली, मोरी यांना भाव नाही, आणि सुरमई मात्र दुसऱ्या बंदरातून बर्फात बसून येते. जून-जुलैमध्ये मासेमारीला बंदी असते, तेव्हाही ताजी सुरमई मागणारे महाभाग आहेत. त्या दिवसांत या घरांतून सुकटीची चटणी, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाची पेज असते. शाकाहाऱ्यांनी तर येथे उपाशी राहण्याचे कारणच नाही. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, फणसाची भाजी. ‘तुम्ही आज घरी काय करणार आहात?’ एवढाच प्रश्न विचारावा आणि तेच मागावे.

किल्ला मुलांना दाखवताना घाई करू नये, आणि जे नाही ते सांगू नये. विजयदुर्गाच्या खऱ्या गोष्टीच भरपूर आहेत. शिलाहारांच्या काळातला हा घेरिया शिवाजीमहाराजांनी घेतला, तिहेरी तटाने बळकट केला. आंग्र्यांनी येथून समुद्रावर धाक बसवला. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन आंग्र्यांचाच पाडाव केला, तेव्हा मराठ्यांचे आरमार याच खाडीत जळाले. मराठी माणसाने अभिमानाबरोबर ही जळजळही घरी न्यावी. वाघोटनच्या खाडीत कातळ खोदून केलेली आरमारी गोदी आहे. किल्ला पाहून परत फिरणाऱ्यांना तिची कल्पनाही नसते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण गाव ‘साहेबाच्या ओट्यां’शी जोडते आणि हेलियमचा शोध येथेच लागला असे सांगते. ग्रहणाचा पट्टा येथून गेला, हे बरोबर. पण जान्सेन त्या दिवशी आंध्रातल्या गुंटूरला होता, आणि सूर्याच्या वर्णपटातली ती अनोळखी पिवळी रेघ नव्या मूलद्रव्याची आहे असे म्हणणारा लॉकियर इंग्लंडात. मुलांना असेच सांगितले तर गोष्ट काही कमी रोमांचक होत नाही.

शासनाकडे मागायचे तेही मागायला हवे. रस्ता रुंद करणे, पुतळा उभारणे, काचेचा पूल बांधणे ही कामे होतात, कारण त्यांचे उद्घाटन करता येते. विहिरीजवळच्या शोषखड्ड्याचे उद्घाटन होत नाही. दीड-दोन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीकडे रविवारी येणारा कचरा उचलायला ना गाडी असते ना माणूस. प्रत्येक पुळणीवर सुटीच्या हंगामात पगारी जीवरक्षक, ओढीच्या जागी लाल बावटे, बोटीवर मोजूनच माणसे आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट, एवढे झाले तर वायरी-तारकर्लीच्या मृतांच्या नातलगांना निदान म्हणता येईल की कोणी शिकले. किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम १९९१ मध्ये आले, २०११ आणि २०१९ मध्ये बदलले, आणि शेवटच्या बदलात दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासूनचे संरक्षित अंतर दोनशे मीटरांवरून पन्नासवर आले. यामुळे मच्छीमाराला स्वतःचे घर वाढवता येईल, हे चांगलेच. पण सैल झालेल्या नियमाचा पहिला फायदा कोण उचलतो, हे आपण अनेक ठिकाणी पाहिले आहे.

आणि येथे या पानाच्या वाचकांपैकी अनेकांचा थेट संबंध येतो. ‘येवा, कोकण आपलाच आसा’ ही पाटी आपण कौतुकाने वाचतो. मुंबईत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे : किनाऱ्यालगतच्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची डझनावारी नावे असतात, आणि त्यांतले एक आपले. दलाल त्या आजीकडे आधी जात नाही. तो ठाण्याला, बोरिवलीला येतो, कागद पुढे करतो आणि म्हणतो, ‘गावाला तुमचे आहे तरी कोण आता?’ विकू नये असे कोणी कोणाला सांगू शकत नाही. गरजा असतात, भावंडांत वाटण्या असतात. पण सही करण्याआधी गावी फोन करून काकीला विचारायला हवे की आपल्या जागेतून कोणाची पाणंद जाते, कोणाच्या होड्या पावसाळ्यात तिथे शाकारतात, विहीर कोणाकोणाची आहे. अशी वाट एकदा कुंपणात गेली की ती पुन्हा मिळत नाही.

तर जावे कधी? मे टाळता येत असेल तर टाळावा. गणपतीनंतर सड्यावर रानफुले असतात, पण समुद्रात उतरायचे नाही. दिवाळी संपली, गर्दी ओसरली की नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हे खरे दिवस. विहिरींना पाणी असते, समुद्र निवळलेला असतो, मासळी असते. मुंबईहून कोकण रेल्वेने वैभववाडी रोडला उतरावे. तळेरे तेथून जवळ. हाताशी अर्धा दिवस असेल तर आधी नापण्याचा धबधबा पाहावा. नाधवड्याच्या जिवंत उमाळ्यामुळे तो बारमाही वाहतो. मग तिठ्यावरून विजयदुर्गाची एसटी धरावी. तीन दिवसांत सहा ठिकाणे करण्यापेक्षा एकाच वाडीत तीन रात्री काढाव्यात, हॉटेलात नाही तर घरात, आणि भाड्यावरून घासाघीस करू नये. पहिल्या दिवशी मुले कंटाळतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून रापणीच्या दोरीपाशी गेलेली असतील, आणि रात्री ओसरीवर जेवणे आटोपली की घरधनीण विचारील, उद्या न्याहारीला घावणे करू की आंबोळ्या?